खाचेतले कागद

४ मार्च

टर्नर यांस,

पत्र कामाचं आहे. दुसरं काही शोधू नका, सापडणार नाही.

पाणीपुरवठ्याच्या पंपावरची चाळीस हॉर्सपॉवरची मोटर माझ्याकडे आलीय. तांब्याच्या तारेचं वाइंडिंग मी भरलं. ते माझं काम, त्यात कुणाचा सल्ला नको. पण शाफ्टवर बेअरिंग बसतं ती जागा झिजलीय. बेअरिंग नुसतं बोटानं सरकतं, म्हाताऱ्या माणसाच्या अंगठीसारखं. आमच्या कोपऱ्यावर एक लेथवाला आहे. मागच्या खेपेला त्यानं काय करावं? शाफ्टवर पंचानं टोचे मारले, धातू वर उचलला आणि बेअरिंग त्यावर ठोकून बसवलं. म्हणाला, घट्ट झालं बघा अक्का. आठ दिवसांत मोटर परत दारात. आप्पा असते तर त्यांनी तोच पंच त्याच्या टाळूवर मारला असता.

तुमच्याकडे मोठं लेथ आहे, शाफ्ट वेल्डिंगनं भरून परत कातायची सोय आहे, रोटर बॅलन्स करायचं मशीनसुद्धा घेतलंय म्हणे. ट्रान्सपोर्टचा ड्रायव्हर सांगत होता. मी विचारलं नव्हतं, त्याला बोलायची खोड आहे. शाफ्टसकट नुसता रोटर पाठवतेय. दोन्ही टोकं बघा. होत असेल तर करा, होत नसेल तर तसं सांगा, उगाच शब्दाचे बुडबुडे नकोत.

आमच्या दुकानातून लेथ गेलं त्याला सहा वर्षं झाली. त्याचे चार बोल्ट अजून जमिनीत आहेत. मला रोज ठेच लागते. कापून टाकायला वेळ मिळाला नाही.

फोन करू नका, मी घेणार नाही. चिठ्ठी पिशवीत घालून रोटरलाच बांधा.

तुमच्या बायकोला यातलं सांगायची गरज नाही. माझी बहीण असली म्हणून काय झालं. विचारलंच तिनं तर सांगा, अक्का मजेत आहे आणि दुकानात सगळं आप्पांच्या वेळेसारखंच चाललंय. तुम्ही दोघं गेलात म्हणून काही अडलं नाही. एक खिळा हललेला नाही.

अक्का


१३ मार्च

अक्कांना नमस्कार.

रोटर मिळाला. दोन्ही टोकं भरली, कातली, ग्राइंड करून मापात आणली. पुढच्या टोकाला शाफ्ट केसभर वाकडाही होता, तो सरळ केला. मग बॅलन्स केला. आता टेबलावर फिरवला की कुठे थांबेल ते सांगता येत नाही, म्हणजे बरोबर आहे. बेअरिंग गरम करून बसवा. हे तुम्हाला सांगायला नको, पण आप्पांच्या हाताखाली टर्नर म्हणून नऊ वर्षं लेथवर काढली, सवय जात नाही.

लेथ आप्पांनीच मला दिलं होतं, अक्का. हे मी सहा वर्षांपूर्वीही सांगत होतो. आज पुन्हा सांगून भांडण काढत नाही.

तुम्ही नको म्हणालात तरी तुमचं पत्र धाकटीनं वाचलं. तिच्यापासून माझं काही लपत नाही. तीन वेळा वाचलं. 'म्हाताऱ्या माणसाच्या अंगठीसारखं' इथे प्रत्येक वेळी हसली. मग तिनं एकच गोष्ट विचारली: अक्का अजून जुनं वाइंडिंग छिन्नी आणि ब्लो लॅम्पनंच काढते का? मी म्हटलं, लिहिलंय ना तिनं, सगळं आप्पांच्या वेळेसारखं आहे, खिळा हललेला नाही. तिला फार बरं वाटलं. का ते मला नीट कळलं नाही. तुम्हा बहिणींचं तुम्हालाच ठाऊक.

ती बरी आहे. हल्ली भरायला फारशी बसत नाही.

तुमचा,
टर्नर


२२ मार्च

टर्नर यांस,

रोटर बसवला. मोटर चालू केली आणि तिच्यावर पाण्यानं भरलेला पेला ठेवला, आप्पा ठेवायचे तसा. पाणी हललं नाही. पंपावरचा मुकादम म्हणाला, मोटर चालू आहे की बंद? काम चांगलं झालं. चांगल्याला चांगलं म्हणायला माझं काही जात नाही.

'हल्ली भरायला फारशी बसत नाही' म्हणे. का बसेल? स्वतःचा कारखाना झाला, बॅलन्सिंगचं मशीन आलं, आता महाराणी तारेला कशाला हात लावतील! बोटं काळी होतात. तिच्याएवढा साफ हात माझ्या बघण्यात दुसरा नाही, आप्पांचासुद्धा नाही, आणि ती हातावर हात ठेवून बसलीय. ज्याला दात आहेत त्याला चणे नकोत.

आणि छिन्नीचं का विचारलं ते मला कळलं. कागदांमुळे. तुम्ही लेथवर असायचात, तुम्हाला काय ठाऊक. मोटरमध्ये तार भरण्याआधी प्रत्येक खाचेत कागद घालतात तेवढं तुम्हाला माहीत आहे. आप्पांचा नियम होता, त्या कागदाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख, तारेचे वेढे आणि भरणाऱ्याची खूण लिहायची. वरून कॉइल बसली, वार्निश चढलं की ते लिहिलेलं बंद. मोटर जळून परत येईल तेव्हाच उघडणार. आम्ही पोरी त्यावर काहीबाही लिहायचो. पिठाच्या चक्कीची मोटर नऊ वर्षांनी परत आली. आप्पांनी छिन्नीनं कॉइल कापली, शेकली, ओढली, तर सातव्या खाचेतून कागद निघाला: 'आज अक्कानं मला पट्टीनं मारलं. म्हातारपणी तिला टक्कल पडो.' आप्पा इतके हसले की पकड हातातून पडली. तोवर तिचं लग्न ठरत आलं होतं.

टक्कल पडलेलं नाही, सांगा तिला. विरळ झालेत फक्त. किंवा नका सांगू.

तिची तीन पत्रं मी न उघडता परत पाठवली होती. आप्पा जाऊन तीन महिने झाले नव्हते आणि तुम्ही दोघं लेथ ट्रकवर चढवत होतात. तिनं मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मी दारात उभी होते. ते मी विसरलेले नाही. एका रोटरनं विसरणार नाही.

सोबत आणखी एक रोटर. याची पंख्याकडची बाजू बघा.

अक्का


९ मे

अक्कांना नमस्कार.

उशीर झाला. घरात जरा ओढाताण होती. तुमचा दुसरा रोटर सोबत आहे, पंख्याची चावी बसते ती खाच नवी पाडली.

एक काम तुमच्याकडे पाठवतोय. आमच्या ग्राइंडरची मोटर इथेच भरली होती, पण टेस्टिंगला लावली आणि कॉइल बॉडीला शॉर्ट झाली. छत्तीस खाचांची आहे. दुरुस्त होणार नाही, सगळं काढून नव्यानं भरावं लागेल. धाकटी म्हणाली, ही अक्काकडेच जाऊ दे, दुसरीकडे नाही.

आणि तिचा निरोप आहे, शब्द तिचेच: 'अक्कानं स्वतःच्या हातानं उघडावी. आप्पा उघडायचे तशी. घाई करू नये.'

घाई करू नये हे तिनं दोनदा सांगितलं.

टर्नर


२४ मे

टर्नर यांस,

तुमच्या ग्राइंडरच्या मोटरचा स्टेटर भरून पाठवलाय. मेगर लावून बघितला, पक्का आहे.

आता ऐका. चाळीस वर्षांत असलं घाणेरडं वाइंडिंग माझ्या टेबलावर आलं नव्हतं. तारेवरचा मुलामा ठिकठिकाणी खरवडलेला, शॉर्ट होणार नाही तर काय होणार? कॉइलची डोकी एक उंच, एक बुटकं, फोटोला उभ्या राहिलेल्या खानदानासारखी. दोरा इतका ढिला की बोट घातलं तर आरपार. कुठल्या नवशिक्याला बसवलंय? शेवटच्या गाठीला एक वेढा जास्त घातलाय, धाकटी घालते तसा. नक्कल तेवढी जमलीय पठ्ठ्याला, बाकी आनंद. असल्या हातांत चहाचा कपसुद्धा देऊ नका, सांडतील.

आणि मोटर कशी उघडायची हे मला धाकटीनं शिकवायचं? घाई करू नये म्हणे! मी तिला तार धरायला शिकवलं तेव्हा तिच्या नाकाला शेंबूड होता. तिला म्हणावं, उंटावरून शेळ्या हाकू नकोस. इतकी काळजी आहे कामाची तर खाली उतर, त्या गाढवाच्या शेजारी बस आणि शिकव. नसेल बसायचं तर मोटरी भरायचं बंद करा आणि नुसते शाफ्ट काता.

एवढंच.

अक्का


२९ जून

अक्का,

हे पत्र मी तिला न सांगता लिहितोय. आता सांगितलं तरी ती तोंडानं नको म्हणू शकत नाही. गेले बारा दिवस तिचं बोलणं बंद आहे.

दीड वर्षापूर्वी उजव्या अंगठ्यापासून सुरू झालं. तार धरली की सुटायची. आम्ही म्हटलं, फार काम झालं असेल. मग दुसरा हात. डॉक्टर म्हणाले, नसा सुकत जातात, यावर औषध नाही. हात, मग पाय, मग जीभ, शेवटी श्वास. त्यांनी ते बेअरिंगचा नंबर सांगावा तसं सांगितलं. ती म्हणाली, अक्काला कळवायचं नाही. ती माझं पत्र परत पाठवते, आणि आजाराचं कळवून तिला बोलवायचं म्हणजे तिचा हात पिरगळून हो म्हणवून घेणं. तसं आलेलं मला नको.

मग मार्चमध्ये तुमचं पत्र आलं.

ती मोटर नवशिक्यानं भरली नव्हती, अक्का. तिनं भरली. मी छिन्नीबद्दल सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाली, ग्राइंडरची मोटर खोला, मला बसायचंय. छत्तीस खाचा. पूर्वी तिचं एका दिवसाचं काम. सात आठवडे लागले. तार मी धरू का म्हटलं की अंगावर यायची. आणि प्रत्येक खाचेचा कागद कापला की मला बाहेर पाठवायची. बोटांना पेन्सिल बांधून घ्यायची, वाइंडिंगच्या दोऱ्यानंच, आणि लिहायची. एका कागदाला कधी कधी अख्खी दुपार जायची. मी विचारलं, काय लिहितेस? म्हणाली, तुमचं काम नाही. अक्का पत्र परत पाठवते, पण गिऱ्हाइकाची मोटर तिनं जन्मात न उघडता परत पाठवली नाही.

टेस्टिंगला मोटर शॉर्ट झाली तेव्हा मला वाईट वाटलं. ती मात्र खूश. म्हणाली, बरं झालं, खोटं बोलावं लागणार नाही.

स्टेटर गेला त्या दिवसापासून ट्रकचा हॉर्न वाजला की ती दाराकडे बघायची. तुमचं पत्र आलं. मला वाचून दाखवावं लागलं. मी मधलं गाळायला गेलो तर तिला कळलं, म्हणाली, सगळं वाचा. चहाच्या कपाचंही वाचलं. मी तेव्हा तिला चमच्यानं चहा पाजत होतो.

थोडी हसली. म्हणाली, सुंभ जळालं तरी पीळ जात नाही. मग म्हणाली, छत्तीसच्या छत्तीस वाचूनही अक्काचं उत्तर हेच. त्यानंतर तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवसापासून ट्रकचा हॉर्न वाजला तरी बघत नाही.

तिनं काय लिहिलं मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. ट्रकवर चढताना तिनं मागे का बघितलं नाही तेही कदाचित त्यात असेल, ते तिनं मलाही कधी सांगितलं नाही. राग समजू शकतो. आप्पांमागे तुम्ही एकट्या पडलात, आमची चूक होती. पण ते सगळं वाचून झाल्यावर माणूस गाढव कसं लिहू शकतो, अक्का? एवढं मला सांगा. मी तुम्हाला नऊ वर्षं रोज बघितलंय. तुम्ही तोंडाच्या तिखट, पण अशा नव्हता.

टर्नर


२ जुलै

बाबा रे,

मी वाचलं नाही. एक अक्षर वाचलं नाही.

माझ्याकडे भट्टी आहे. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी घेतली. माझा खांदा धरला, एकटीनं पकडीनं कॉइल ओढता येईना. विजेची भट्टी, कपाटाएवढी. कॉइलची एक बाजू कापायची, वेढे मोजायचे, स्टेटर आत ठेवायचा, झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी वार्निश, दोरा, कागद सगळ्याची राख होते आणि तार केसासारखी सुटून येते. राख मी हवेच्या पाइपनं उडवते. तुझा स्टेटरही तसाच उडवला. खाचा लखलखीत झाल्या. मला बरं वाटलं होतं.

'सगळं आप्पांच्या वेळेसारखंच आहे' हे मी तुम्हाला डिवचायला लिहिलं होतं. तुमच्यावाचून काही अडत नाही हे दाखवायला. अडत होतं. म्हणून तर भट्टी आली. माझ्या एका फुशारकीवर तिनं सात आठवडे घातले.

आणि तिनं सांगितलं होतं. आप्पांसारखी उघड, घाई करू नको. तो निरोप वाचून माझं डोकं फिरलं. म्हटलं, मला शिकवते काय! खरं सांगते, त्या दिवशी दुसरं काम नव्हतं. छिन्नी समोर भिंतीवर होती. मी रागानं स्टेटर भट्टीत ढकलला. तिच्या गाठीवरचा तो जास्तीचा वेढा माझ्या डोळ्यांनी बघितला, आणि नक्कल म्हटलं. दुसऱ्या कुणाची गाठ मी अंधारात ओळखेन आणि माझ्या हातानं शिकवलेली ओळखली नाही.

आता पुढचं तिला वाच. मोठ्यानं वाच, तुझी पुटपुटायची सवय आहे.

धाकटे, मी अक्का. तुझे कागद मी जाळले. मुद्दाम नाही, पण जाळले मीच. तू काय लिहिलंस मला ठाऊक नाही, त्यामुळे ते माझं उत्तर नव्हतं. ते तुझी नेहमीची कडू बहीण एका अनोळखी गाढवाला बोलत होती. तुझ्या हातांना नव्हती बोलत ग. तुझे हात मला ठाऊक आहेत. तू मला त्या कागदांवर शिव्या दिल्या असशील तर डोळ्यांनी परत दे, मी घेते. टक्कल पडायला लागलंय, तुझं म्हणणं खरं झालं. तू भिंतीकडे बघू नकोस. मी येतेय.

टर्नर, मी रविवारी पोचते. आजच निघाले असते. पण ती मला बघून तोंड फिरवेल, आणि ते मला सोसायचं नाही. म्हणून हे पत्र ड्रायव्हरच्या हातात पुढे पाठवतेय. आधी तिला हे कळू दे. मग मी दारात येते.

तिला विचार काय लिहिलं होतं. कसंही करून विचार.

अक्का


१९ जुलै

अक्का,

त्या रविवारी तुम्ही आलात तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. तुम्ही तिच्या पायाशी बसलात आणि तिला उचलेपर्यंत तिची बोटं चोळत होतात. लोकांसमोर मला बोलता आलं नाही. म्हणून लिहितो. तुम्हाला हे हवं असेल.

तुमचं पत्र शुक्रवारी दुपारी मिळालं. ती जागी होती. मी मोठ्यानं वाचलं. भट्टीपर्यंत आलो तेव्हा तिनं तोंड माझ्याकडे वळवलं. 'खाचा लखलखीत झाल्या' इथे तिला हसू आलं. खरंच हसू, अक्का. आवाज फुटला. पंधरा-सोळा दिवसांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पोट हलत होतं. मला वाटलं गुदमरतेय. तिला थांबवावं की नाही कळेना. टक्कलापाशी पुन्हा हसली.

मग मी विचारलं. आमचं ठरलेलं होतं, एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. रागानं लिहिलं होतंस? नाही. माफी मागितली होतीस? नाही. आप्पांबद्दल होतं? हो. लेथबद्दल? नाही. तू त्या दिवशी मागे का बघितलं नाहीस ते? हो. मी विचारलं, रडू येत होतं म्हणून? नाही. अक्काचा राग आला होता म्हणून? नाही. माझ्यामुळे? नाही. पुढे काय विचारावं मला सुचेना. मी लेथवरचा माणूस. मी चुकीचेच प्रश्न विचारत राहिलो आणि ती नाही नाही म्हणत राहिली. मग दमली. मी म्हटलं, राहू दे, रविवारी अक्का येतेय, तिला बरोबर प्रश्न सुचतील. तिनं डोळे एकदा मिटले. खूप वेळ मिटले.

शनिवारी पहाटे गेली. तुम्ही येणार म्हणून रविवारपर्यंत नेली नाही. श्वास थांबला, बस. आवाज नाही, धडपड नाही. तोंड दाराकडे होतं.

भिंतीकडे नव्हतं, एवढं तुम्हाला सांगायचं होतं.

टर्नर


१७ नोव्हेंबर

टर्नर,

चार महिने लिहिलं नाही. लिहायला बसले की पेन्सिल बोटाला बांधलेली दिसते.

भट्टी बंद केलीय. विकली नाही, हे असलं पाप दुसऱ्याच्या दारात कशाला. आता छिन्नीनंच कापते, शेकते, ओढते. खांदा ओरडतो, ओरडू दे. गिऱ्हाइकं म्हणतात, अक्का, पूर्वी दोन दिवसांत द्यायचात, आता चार का? मी म्हणते, घाई असेल तर कोपऱ्यावर जा, तो पंचानं टोचे मारून देतो.

प्रत्येक कागद सरळ करून बघते. बहुतेक माझेच निघतात. तारीख, वेढे, खूण. मोठी झाल्यावर मी मेलीनं दुसरं काही लिहिलंसुद्धा नाही त्यावर. एकदा आप्पांचा निघाला, 'आज दोघी भांडल्या नाहीत. नोंद केली.' तो तुला पाठवतेय, जपून ठेव.

तिचा एकही आला नाही. येणार कसा? मी आठवून आठवून यादी केली. इथे असताना तिनं भरलेल्या अकरा मोटरी अजून गावात आहेत. अकराच्या अकरा चालू. दळणाच्या, पाण्याच्या, बर्फाच्या कारखान्यातली. माझ्या भरलेल्या जळतात, आप्पांच्या जळतात, तिची एक जळेल तर शपथ. चांगलं काम करणाऱ्या माणसाचं हे असं असतं. तोंडानं बोललं नाही, आणि मागे ठेवलं तेही उघडत नाही.

लाकडाच्या वखारीत करवतीची मोटर आहे ना, ती तिनं तुमच्या जाण्याच्या आदल्या आठवड्यात भरली. अठ्ठेचाळीस खाचा. मी शेजारी होते, पण आमचं बोलणं बंद होतं. ती कागदांवर काहीतरी लिहीत होती आणि मी बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते. तू तिला विचारलेलंस ना, मागे का बघितलं नाहीस? ते त्या आठवड्याचंच आहे. ते तिथे आत असेल. नसेलही.

दर शनिवारी वखारीत जाते. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला लावते, मूठ कानाला. वखारवाला पहिल्यांदा घाबरला. म्हणाला, अक्का, बिघाड आहे का काही? म्हटलं, नाही. म्हणाला, मग दर आठवड्याला काय ऐकता? म्हटलं, तुझं काय जातं?

मागच्या शनिवारी तो जेवायला गेला होता. मी आणि मोटर दोघीच. तुला खोटं सांगत नाही. स्टार्टरची पेटी उघडी होती. तीन वायरींतली एक ढिली केली असती तर तासाभरात ती जळली असती, आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर आली असती. कुणाला कळलं नसतं. माझा हात पेटीत गेला होता. बोटं वायरीवर होती.

मग म्हटलं, तिचं एकदा जाळलंस, तेवढं पुरे.

पेटी लावून घेतली. मोटरवर तळहात ठेवला. कोमट होती, तापलेल्या लेकराएवढीही नाही. आवाज एकसारखा, कुठे खरखर नाही. अशी मोटर अजून वीस वर्षं काही करत नाही. तोवर मी नसेन.

म्हणून तुला लिहून ठेवते. तू माझ्यापेक्षा लहान आहेस. वखारवाल्याला सांगून ठेवलंय, ही बंद पडली तर दुसऱ्या कुणाकडे द्यायची नाही, टर्नरकडे पाठवायची. आली की तू हातानं उघड. छिन्नीची धार आधी बघून घे. लॅम्प लांबून धर, कागद करपतो. एका वेळी एकच खाच. आणि निघेल ते आधी स्वतः वाचू नकोस, इथे दुकानात घेऊन ये. लेथचे चार बोल्ट मी कापलेले नाहीत, तिथे उभा राहा आणि मोठ्यानं वाच.

पुटपुटू नकोस.

अक्का